बिळातली भेसळ

मी बिळाच्या तोंडाशी पाठ लावून बसलो आणि म्हणालो, "साहेब, दगड लावायचे तर मला आत धरून लावा."

समोर रेंजर साहेब, धनगर बाबुमामा आणि धुरासाठी आणलेल्या तुराट्या. मंठ्याकडच्या माळावर, ओढ्याच्या दरडीत लांडगीची पिल्लं होती. कोकरं जायला लागली की बिळात धूर करून तोंड बुजवायचं, ही तिथली जुनी रीत. मी वनखात्याचा रोजंदारी मजूर. आठवीत शाळा सोडून गडचिरोलीहून आलेला. राहायला छप्पर बाबुमामांचं, भाकरीही त्यांच्याच घरची. त्यांच्याविरुद्ध बसणं सोपं नव्हतं. पण उठलो नाही.

"लांडगा पहिल्या शेड्यूलमध्ये आहे," मी म्हणालो. म्हणजे कायद्यानं वाघाइतकाच जपायचा.

"ह्ये लांडगे हायेत व्हय?" मामा म्हणाले. "पंजे बघ, पांढरे. लांडगी कोल्ह्यासंगं गेल्ती. क्रॉस हाय समदा."

क्रॉस म्हणजे दोन जातींची भेसळ. साहेबांना तेवढंच हवं होतं. "क्रॉस म्हणजे लांडगा नाही. लांडगा नाही तर केस नाही. ऊठ, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नको."

"नाही येत."

मी हात घालून एक पिल्लू बाहेर घेतलं. मामांचा राखणीचा कुत्रा पुढं आला. याच्या पिल्लांसाठी आष्टीपर्यंतचे धनगर मामांना गळ घालायचे. आता फाडतो असं वाटलं. त्यानं हुंगलं, चाटलं आणि शेपटी हलवत तिथंच बसला. त्याचेही चारही पंजे पांढरे.

साहेब फसकन हसले.

"माझं कुत्रं तसलं न्हाई!" मामा ओरडले.

"मंग पांढऱ्या पंजाचा कोल्हा दाखवा, मामा. त्याचे असले तर मी उठतो."

मामांनी कुत्र्याला मानेला धरून मागं ओढलं. मग तुराट्या उचलून घराकडं वळले. "गावात बोलशील तर याद राख," एवढंच म्हणाले.

साहेबांनी शब्द पाळला, माझं काम गेलं. मामांनी मेंढ्यांमागं ठेवलं. ते उपकार मी विसरलो नाही. नवे साहेब आले तेव्हा परत खात्यात लागलो. ट्रेनिंगमध्ये ऐकलं की अशा भेसळीनं अस्सल लांडगा संपत जातो. असेल. त्यासाठी गावची कुत्री आवरा, म्हणून मी तिथंही उभं राहून सांगितलं. बापाची जात विचारून कुणाला जगू द्यायचं, हे काम माझ्या हातून कधी झालं नाही.