कमोडाखालचं पीओपी

पहिल्या दिवशी वास आला तेव्हा आमचे हे म्हणाले, "नवीन घराला वास येतोच." दुसऱ्या दिवशी म्हणाले, शेजारच्या गटाराचा असेल. तिसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून संडासात नेलं आणि म्हटलं, इथे पाच मिनिटं उभे राहा आणि मग सांगा, हा रंगाचा वास आहे की गुवाचा. पाच मिनिटं कुठली, अर्ध्या मिनिटात तोंडाला रुमाल लावून बाहेर. पुढचे चार दिवस ते सकाळी लवकर निघून डोलवीला कंपनीत जाऊनच उरकून यायचे. मी बाईमाणूस कुठे जाणार? मी शिकवते त्या शाळेतला संडास आमच्याहून बरा वाटायला लागला, यावरून काय ते समजा.

शी! वास्तुशांतीचं तोरण अजून दारावर होतं आणि घरभर हा दरवळ.

कमोड घरात आणला तो आईसाठी. ती रोह्याला माझ्या धाकट्या भावाकडे असते. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. भावाचं घर भाड्याचं, संडास खाली बसायचा, आणि मालक एक फरशी हलवू देत नाही. भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणून पाहिली, ती ओल्यात घसरली आणि आई पडता पडता वाचली. तेव्हापासून वहिनी तिला दोन्ही काखांत धरून बसवते, मागे उभी राहते आणि धरून उठवते. दार उघडं. माझी आई, जी कुणासमोर कधी पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नाही, तिची ही दशा. आमच्याकडे पेणला ये म्हटलं की म्हणायची, "मला एकटीला जाता येईल असं असेल तर येते. नायतर लेकीच्या दारात कशाला येऊ गो, घाण करायला?" त्यामुळे आमच्या घराच्या खिडक्या, रंग, देवघर, सगळं यांच्या मनासारखं झालं. कमोडाच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकणार नव्हते.

पेणच्या त्या दुकानात कमोड नुसते मांडलेले नव्हते, सजवलेले होते. कुणावर सोनेरी वेलबुट्टी, कुणावर मोर. ज्याच्यावर बसून काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक, त्याच्यावर मोर! शेठ मला चकचकीत काळा कमोड दाखवत होते. "ताई, याच्यावर डाग दिसत नाय." म्हणजे डाग असणार, फक्त दिसणार नाहीत. मी म्हटलं, मला पांढरा द्या, उंच द्या, आणि आधी बसून बघू द्या. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी साडी सावरून भर दुकानात एकेका कमोडावर बसले, उठले, परत बसले. रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून बघत होते. हे बाहेर जाऊन स्कूटरशी काहीतरी खटपट करत राहिले. तेवढ्यात शेठनं चहा मागवला आणि कपबशी शेजारच्या कमोडाच्या झाकणावर ठेवली. नवा कोरा कमोड होता, मान्य, तरी तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

सर्वांत उंच होता तो घेतला. भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा घेतला. आईची बोटं वाकडी झालीत, म्हणून फिरवायचा नळ नको, वर-खाली करायचा दांडीवाला घेतला. तो दिसायला काय झकास! पंधरा दिवसांत आमच्या बोअरच्या मचूळ पाण्यानं त्याच्यावरची चांदी पोपडे होऊन निघाली आणि आतून पिवळं प्लास्टिक डोकावलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण नळ बदलता येतो. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही.

प्लंबर हमरापूरचा होता. हंगामात गणपतीच्या कारखान्यात मूर्ती ओतायचा आणि हंगाम सरला की नळाची कामं करायचा. माणूस गोड, कामाला चलाख. कमोड बसवून त्याच्या बुडाभोवती पांढरा लेप इतका सफाईदार फिरवला की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. बोट ओलं करून त्यानं कड अशी काही गुळगुळीत केली की वाटावं, आता हा डोळे रंगवायला घेतो. मी त्याला चहासोबत लाडूही दिला. अजून आठवतो तो लाडू.

राहायला आल्यावर आठव्या दिवशी वास सुरू झाला. मग बुडाशी ओल दिसायला लागली. फरशीच्या सांध्यातून पिवळट पाणी यायचं, पुसलं की परत यायचं. मी फिनेल ओतलं, डांबरगोळ्या टाकल्या, शेजारणीनं मोगऱ्याच्या उदबत्तीचा पुडा आणून दिला. फिनेल, डांबरगोळी, मोगरा आणि ते, असा चौघांचा मिळून जो वास झाला तो मी दुश्मनालाही देणार नाही. त्यात रोह्याहून भावाचा फोन. आईची पिशवी भरून तयार होती, रविवारी आणू का, विचारत होता. मी म्हटलं, थांब जरा, रंग ओला आहे. आई मागून ओरडली, "रंगाला किती दिवस लागतात गो?"

शेवटी गडबचा एक वयस्कर प्लंबर आणला. त्यानं काही विचारलं नाही. गुडघ्यावर बसला आणि तो पांढरा लेप नखानं दाबला. नख आत गेलं. खरवस दाबावा तसं. "ताई, हे व्हाइट सिमेंट नाय," तो म्हणाला, "पीओपी हाय." मग नाकाला फडकं बांधलं, छिन्नी घातली आणि त्यानं नि यांनी मिळून कमोड उचलला.

खाली जे होतं ते मी थोडक्यात सांगते, कारण तुम्ही कदाचित जेवून वाचत असाल. पाइपाच्या तोंडावर रबराची रिंग बसवायची असते, ती नव्हतीच. त्या जागी पीओपीचा गोळा थापलेला. तो भिजून लिबलिबीत झालेला, त्यातून आम्हा दोघांचं पंधरा दिवसांचं सगळं झिरपून फरशीखाली पसरलेलं. आणि फट बुजवायला त्या गोळ्यात तुकडे कोंबलेले होते, कारखान्यातल्या मोडक्या मूर्तींचे. एक तुकडा प्लंबरनं छिन्नीनं उचलून दाखवला. उंदीर होता. गणपतीच्या पायाशी बसतो तो, अर्धा, कान गुलाबी रंगवलेला, आणि सगळं अंग माखलेलं. मला ओकारी आली. मोरीत जाऊन खरंच ओकले.

तोंड धुतलं आणि हमरापूरला स्पीकरवर फोन लावला. "मेल्या, पीओपी लावलंस तू?"

"व्हय ताई. एक नंबर माल. मूर्तीचाच."

"आणि तो उंदीर?"

"रिजेक्ट पीस होता तो. त्याची पूजा थोडीच झाली होती?"

"अरे, पण संडासात पीओपी? पाण्यात?"

त्यावर तो जे बोलला ते अगदी मनापासून बोलला. "ताई, तुम्ही तर शाळेत शिकवता. पीओपी पाण्यात विरघळत नाय, म्हणून तर सगळे आमच्या बोकांडी बसलेत ना? समुद्रात सोडला तरी गणपती तसाच परत येतो, बोलतात. मग तुमच्या फ्लशच्या पाण्यानं काय होणार त्याला?"

दरवर्षी गणपतीच्या आधी मी मुलांकडून हेच वाक्य फळ्यावर लिहून घेते. पीओपी पाण्यात विरघळत नाही. माझंच वाक्य माझ्याच कमोडाखाली कुजत होतं. गडबच्या प्लंबरनं ऐकलं आणि मान हलवली. "विरघळत नाय ते खरं. पण भिजून मऊ पडतं ना. रिंगेचं काम रिंगच करणार."

तीन दिवस फरशी उखडलेली. कमोड अंगणात उलटा पडलेला, त्याच्याकडे बघत आम्ही जेवायचो. म्हणजे हे जेवायचे. मग नवी रिंग, नवा सांधा, व्हाइट सिमेंट, नवा पितळी नळ. मी नाक फरशीला टेकवून वास घेतला, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. काही नाही. मग भावाला फोन केला.

आई आली. चहासुद्धा न घेता म्हणाली, "आधी दाखव." मी तिला आत नेलं, दांडा दाखवला, फ्लश दाखवला, नळ वर करून दाखवला. ती म्हणाली, "आता तू बाहेर हो." दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी बाहेर पदराचं टोक चावत उभी. बराच वेळ झाला. मग फ्लशचा आवाज, मग नळाचा. दार उघडून ती भिंतीला धरत बाहेर आली, एकटी, आणि तिचा चेहरा पाहून मला रडू फुटलं.

"झाली ना तुझी सुटका?" मी म्हटलं.

"माझी झालीच," ती म्हणाली. "तुझीपण झाली."

"माझी कसली?"

"दिवाळीत रोह्याला आलीवतीस. वहिनी माहेरी गेलीवती, दोन दिवस तूच मला धरलंस. तुला किळस यायची."

"आई, काहीतरीच काय! मी तर तुझ्या मागे उभी होते. तुला माझं तोंड तरी दिसत होतं का?"

"तोंड कशाला बघायला पायजे? वहिनी धरते तेव्हा अख्खा हात लावते, घट्ट. तू नुसत्या बोटांनी धरलंवतंस."

ती रागावलेली नव्हती. चहात आलं टाक म्हणाली आणि पाय पसरून बसली. मी ओट्याशी गेले, गॅस लावला. महिनाभर सगळ्यांना सांगत होते, कमोड आईसाठी बसवलाय. तो कुणासाठी बसवलाय ते तिला दिवाळीपासून माहीत होतं, आणि तरी ती आली होती.