डांबरगोळ्यांची पुरचुंडी

आमच्या माहेरी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसत, 'लांबडं' म्हणत. मी अजूनही भर दुपारीसुद्धा तेच म्हणते. आणि माझ्या लेकीनं एका दुपारी तेच लांबडं चक्क कापडी पिशवीत घालून घरी आणलं.

"बॉल पायथन आहे आई, छोट्या जातीचा अजगर. विष नसतं त्याला. कॉलेजातल्या मॅडम परदेशी चालल्यात, त्यांनी दिलाय. नोंदणीचे सगळे कागद आहेत."

"त्याला वाचता येतात का ते कागद?" मी ओट्याला पाठ लावून विचारलं.

संगमनेरच्या या घरात आम्ही दोघीच. लेक कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. मी डेअरीत आयुष्यभर नोकरी केली, भल्याभल्यांना दमात घेतलं, पण या एका प्राण्यापुढे माझं पाणी पाणी होतं. "बाई गं, एक तर तो राहील नाहीतर मी," असं मी तीन वेळा बजावलं. राहिलो दोघंही.

त्याच्या घरासाठी तिनं आमचं जुनं टीव्हीचं शोकेस काढलं. सुतार आला, मापं घेतली. "कोंबड्यांसाठी का, ताई?" त्यानं विचारलं. अजगर म्हटल्यावर पटाशी टाकून उठलाच. "आवो, आधी सांगायचं न्हाई का! लेकरंबाळं हायेत मला." चहा पाजून लेकीनं त्याला परत बसवला. समोर सरकती काच झाली, बाजूला हवेची भोकं पडली. तळाला नारळाचा भुसा. एका टोकाला ऊब देणारी चटई, दुसरं टोक गार. दोन्हीकडे एकेक उपडं मडकं, तोंड फोडून केलेलं, लपायला. अडचणीच्या जागेत त्याला बरं वाटतं म्हणे, मोकळ्यावर तो घाबरतो.

"तो घाबरतो? तो?" मी म्हटलं.

सगळं खरं तर नीट झालं होतं. फक्त मागच्या फळीला वायरसाठी पाडलेलं भोक राहिलं होतं, माझ्या अंगठ्याहून जरा मोठं. "रविवारी बुजवते," लेक म्हणाली. वायर जाऊन उरलेल्या फटीतून त्याचं डोकंसुद्धा जाणार नाही, असंही म्हणाली. पण मला कुठला धीर! भाजी निवडताना लक्ष त्या भोकाकडे. न्हाणीघरात जायचं तर आधी काठीनं बादली हलवायची. पलंगावर पाय वर घेऊन बसायची मी, आपल्याच घरात!

माहेरी ऊसतोड सुरू झाली की उंबऱ्याशी आणि मोरीशी डांबरगोळ्या टाकत. त्या वासाला लांबडं फिरकत नाही, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. मंगळवारी लेक कामाला गेल्यावर मी दहाबारा गोळ्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि ती पुरचुंडी मागून त्या भोकात गच्च कोंबली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पाय खाली सोडून जेवले.

"डांबरगोळ्यांचा वास कसला गं?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"स्वेटर काढलेत कपाटातून," मी म्हटलं. इतकं सहज खोटं बोलले मी.

गुरुवारी त्यानं खाल्लं नाही. शुक्रवारी तो मान वर करून, काचेला टेकून राहिला. लेक घाबरीघुबरी झाली. ऊब तपासली, ओल तपासली, भुसा बदलला, पाणी बदललं. "माझंच काहीतरी चुकलं, आई. जागाच मला नीट करता आली नाही," म्हणून रडायला लागली. आणि मी? मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होते. मला कळलं होतं. बाहेरचा फिरकू नये म्हणून ठेवतात तो वास मी आत कोंडला होता. पण सांगायचं कसं? आता मला त्या लांबड्यापेक्षा लेकीचीच जास्त भीती वाटायला लागली.

शनिवारी दुपारी ती कॉलेजात असताना मी काचेतून डोकावले. तोंड उघडं, नाकपुडीशी फेस. मी आधी ती पुरचुंडी ओढून अंगणात फेकली आणि मग फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

ती एवढंच म्हणाली, "त्याला बाहेर काढ. आत्ता. मला यायला अर्धा तास लागेल."

"मी? अगं मी कशी…"

"आई, तो मरेल."

काच सरकवली. हात घातले, मागे घेतले, पुन्हा घातले. डोळे मिटून त्याला खालून उचललं. गार नव्हता, ओला नव्हता, नुसता जड. त्यानं माझ्या मनगटाला विळखा घातला. तशीच खिडकीत उभी राहिले, दातखीळ बसल्यागत. त्याच्या श्वासाची घरघर माझ्या हाताला लागत होती. "मरू नको रे बाबा, माझ्यापायी मरू नको," एवढंच मनात चाललेलं. लेकीनं येऊन तो विळखा सोडवला तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती.

तशीच ती त्याला घेऊन नाशिकच्या डॉक्टरांकडे गेली, कारण आमच्याकडचे डॉक्टर गाईम्हशींचे. इंजेक्शनं झाली, औषधं झाली. महिन्याभरानं त्यानं खाल्लं, जगला.

लेक मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एक दिवस बाजारातून तिनं छोटंसं कुलूप आणलं आणि काचेला लावलं. मला हायसं वाटलं.

"बरं केलंस गं," मी म्हटलं. "आता नाही यायचा बाहेर."

"त्याच्यासाठी नाही लावलं, आई," ती म्हणाली, आणि किल्ली पर्समध्ये टाकून कामाला निघून गेली.