कोलारची पास्टी

"तो सलगम आधी माझ्या घराबाहेर काढ!"

समोरच्या फ्लॅटमधून काका गरजले. आवाज असा, की सनाबिसच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर उभ्या असलेल्या माणसांनी घाबरून कठडा धरला असेल. आम्ही राहतो बहारीनच्या दुसऱ्या भागात, अदलियात, मधे निम्मं शहर आहे, पण आवाजाच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही. चहाचा कप हातात घेऊनच मी पॅसेज ओलांडला.

ओट्यावर तो सलगम बसला होता. जांभळट-पिवळा, वर्षाच्या पोराच्या डोक्याएवढा. काकांच्या मुलीने तो थेट कॉर्नवॉलहून सामानात घालून आणला होता. कणीक मळून ठेवलेली, बटाटे चिरलेले, आणि ती सुरी हातात धरून तशीच उभी.

काका ऐंशीचे. गोरेपान, निळ्या डोळ्यांचे, पण इंग्रज म्हटलेलं खपत नाही; कॉर्निश म्हणायचं. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचा अगदी टोकाचा कोपरा, कथलाच्या खाणींचा मुलूख. खाणी बसल्या तशी तिथली माणसं जगभर पांगली. काकांचे आजोबा आपल्याकडे कोलारला सोन्याच्या खाणीत आले, वडीलही तिथेच उतरले, आणि कोलारला जन्मलेले काका तरुणपणी तेलाच्या विहिरी खणायला बहारीनला आले ते इथलेच झाले. "तीन पिढ्या आम्ही जमिनीला भोकं पाडली," ते म्हणतात, "आणि राहायला चौथ्या मजल्यावर." आमच्याशी ते इंग्रजीत गप्पा मारतात, रागावतात मात्र कोलारच्या हिंदीत. कॉर्नवॉलमध्ये ते आजवर एक रात्रही राहिलेले नाहीत.

पास्टी म्हणजे खाणकामगारांचा डबा. कणकेच्या जाड पोळीत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरायचा, अर्धी दुमडायची, कडेला जाड मुरड घालायची आणि भट्टीत भाजायची. माझ्या बायकोने पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "अगं बाई, ही तर करंजीची सासू!" खाणीत सगळ्यांच्या सारख्याच पास्ट्या, म्हणून घरची बाई एका टोकाला नावाचं पहिलं अक्षर कणकेचं करून चिकटवायची आणि खाणारा दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचा. उरलेला तुकडा कुणाचा यावरून मारामारी नको.

कोलारला सलगम कुठला मिळायला? काकांच्या आजीने बाजारातलं नवलकोल घातलं आणि स्वयंपाकीणबाईने न विचारता हिरव्या मिरच्या. पहिल्याच दिवशी आजोबा खाणीच्या तळाशी पास्टी खायला बसले, तर ठसका लागून अशी शिंक आली की समोरचा खडक फुटला आणि सोन्याची शीर उघडी पडली. काका सांगतात तेव्हा नुसती शिंक असते. खडक आणि शीर मी घातली, पण आता तेही तसंच सांगतात.

तेव्हापासून त्या घरात पास्टी म्हणजे नवलकोल आणि मिरची. गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी काका इथल्या हूरा भागातल्या बाजारातून नवलकोल आणतात, आमच्यासाठी वेगळ्या ट्रेमध्ये बिनमांसाच्या भाजतात, आणि माझ्या टोकावरचं अक्षर दरवेळी मुद्दाम उलटं लावतात. मी खोटं बोलतो म्हणून, म्हणे.

मग दोन महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले. मी खांद्याने दार तोडून आत घुसलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे किल्ली आमच्याकडेच असते. फरशीवर पडलेले काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, चहा टाक." हाड मोडलं नव्हतं. पण मुलीला कळलं, आणि ती शाळेतली नोकरी सोडून न्यायलाच आली. ती लहानपणीच आईबरोबर कॉर्नवॉलला गेलेली, वाढली तिथेच. आई आता नाही. घरात डॅडसाठी खालची खोली तयार आहे, म्हणाली.

काकांकडे नकाराचं एकच कारण होतं. "तिकडचं जेवण मला जात नाही."

म्हणून हा सलगम.

"डॅड, एकदा खाऊन तर बघ. हीच खरी पास्टी आहे. मीठ आणि मिरी, बास. आमच्या गावात मिरची घातली तर बेकरीसमोर मोर्चा येईल!"

"येऊ दे. मी मोर्च्याला पण मिरची खायला घालीन."

"तुझे आजोबासुद्धा लहानपणी हीच खात होते!"

"आजोबा खात असतील," काका एकदम हळू बोलले. "माझी आई ही करत नव्हती."

ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी घरी आलो. खोटं कशाला सांगू, मनातून मी खूश होतो. काका गेले तर माझ्या गोष्टी ऐकून न हसता मान डोलावणारा माणूस मला अख्ख्या आखातात कुठे मिळणार होता?

थोड्या वेळाने बेल वाजली. काकांची मुलगी. डोळे लाल, हाताला पीठ.

"तुमच्याकडे हिरव्या मिरच्या आहेत?"

"मफी," मी झटकन इथल्या अरबीत 'नाहीत' म्हणालो. "खलास झाल्या."

"ढीगभर आहेत," मागून बायको म्हणाली. "किती हव्यात?"

"मला माहीत नाही." तिने हाताचं पीठ झटकलं. "डॅड किती घालतो, तेच मला माहीत नाही."

बायकोने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. "चल, मी बघितलंय. नवलकोलही घे." मी डोळ्यांनी खुणा करत होतो, त्याही तिने बघितल्या. मुलगी पुढे गेल्यावर मला म्हणाली, "परत पडले तर? दरवेळी तुम्ही घरी असाल?"

मी फ्रीज उघडला आणि मिरच्यांची पिशवी तिच्या हातात ठेवली.

दुपारी चौघं टेबलाशी बसलो. सलगम खिडकीत निमूट पडून होता. मुलीने काकांपुढे पास्टी ठेवली. टोकावर त्यांचं अक्षर, जरा वाकडं. काकांनी ताटली फिरवली आणि दुसऱ्या टोकाचा घास घेतला. चावता चावता थांबले. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरचीचंच, असं मी आजही शपथेवर सांगीन. त्यांनी पुढचा घास घेतला, मग पुढचा. बायकोने पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. अक्षरापर्यंत पोचले, तेही खाल्लं.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणून मीच विचारलं, "काय काका, जमलीय का?"

त्यांनी नाक पुसलं. मुलीकडे बघितलं आणि बोलले माझ्याशी.

"बॅग कपाटावर आहे, बेटा. माझा हात पोचत नाही."