त्रिएस्तेचा टाकून दिलेला नंबर

झेनोविया मूळची रुमानियातल्या ब्राइला गावची. शिवणकामाच्या कारखान्यात बारा वर्षं तिने शर्टांना कॉलर बसवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा ती इटलीत उदिनेला आली, एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंची देखभाल करायला. बाई गेल्या त्याच दुपारी त्यांच्या मुलाने तिची बॅग दाराशी आणून ठेवली. नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर एकाच दिवशी गेलं. पुढे ती ज्या कामात पडली त्याला जाहिरातीत 'एस्कॉर्ट' म्हणत. तिथे तिचं नाव सोनिया होतं आणि वय दहा वर्षांनी कमी. आईला ब्राइलात अजून वाटत होतं, लेक म्हाताऱ्यांची सेवा करते.

काम फिरतीचं. तीन आठवडे एका गावात, तीन दुसऱ्या. जास्त राहिलं की शेजारपाजारचे ओळखायला लागतात आणि गिऱ्हाइकालाही नवा चेहरा लागतो. पहिल्यांदा ती ऑस्ट्रियात ग्राट्सला गेली तेव्हा जाहिरातीत तिने आपला रुमानियाचाच नंबर टाकला होता. चार दिवस फोन वाजलाच नाही. खोली मिळवून देणारी द्योयना हसून लोटपोट झाली.

"अगं वेडे, परदेशचा नंबर बघून कोण फोन करेल? त्यांना वाटतं बाई गावात नाहीच, कुणीतरी लांबून गंडा घालतंय. आणि फोनच्या बिलात रुमानिया दिसलं की बायको विचारणार, तिकडे तुझं कोण मेलंय? इथलं कार्ड घे. इथलीच आहेस असं वाटू दे त्यांना."

तेव्हापासून बॅग ठेवली की झेनोविया आधी सिमकार्ड घ्यायची. ते तिच्याही सोयीचं होतं. गाव सोडताना कार्ड काढून कचऱ्यात टाकलं की गिऱ्हाइकांचे आवाज मागे राहायचे. आईकडे असलेला नंबर वेगळा, त्यावर दुसऱ्या कुणाचा फोन कधी आला नाही.

इटलीतल्या त्रिएस्ते बंदरात ती दोन वर्षांनी परत आली तेव्हा मार्च होता आणि असा वारा सुटला होता की माणसं भिंतीला धरून चालत होती. नवं कार्ड, नवी जाहिरात. तिसऱ्या दिवशी तिचं जुनं गिऱ्हाईक तूल्यो आला. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, बडबड्या माणूस.

"तुझा जुना नंबर लावला होता मी," मफलर सोडत तो म्हणाला. "एका म्हातारीने उचलला. मी काही बोलायच्या आत रडायलाच लागली. 'डॉक्टर, बोला ना, लिव्हिओला काय झालं?' आता मी काय डॉक्टर दिसतो का गं?"

तो हसला. झेनोवियाला हसू आलं नाही. तो गेल्यावर तिने फोनवर शोधलं. तिची दोन वर्षांपूर्वीची जाहिरात पाच ठिकाणी तशीच होती. तेच फोटो, तोच नंबर. फोन कंपनीने मधल्या काळात तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. जाहिरात काढायला ती बसली, पण पासवर्ड तिच्या लक्षात नव्हता. तो नसेल तर त्याच नंबरवर मेसेजने पाच आकडे येणार, ते भरायचे. आणि नंबर तर म्हातारीच्या हातात.

दोनदा हातातला फोन तिने खाली ठेवला. मग लावला.

"हॉस्पिटल का?" पहिल्याच रिंगला आवाज आला.

"नाही बाई. मी... ती जाहिरातीतली बाई. तुमचा नंबर आधी माझा होता."

मग बाईंनी तिला जे काही सुनावलं ते तिने निमूटपणे ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं. त्यांचं नाव नेरीना झुलियानी, वय चौऱ्याहत्तर. नवरा लिव्हिओ पक्षाघाताचा झटका आल्यापासून हॉस्पिटलात. तिथून फोन येतो तो नंबर न दाखवता, आणि या पुरुषांचेही तसेच येतात. त्यामुळे प्रत्येक उचलावा लागतो. दिवसाला नऊ-दहा.

"नंबर बदलावा तर..." झेनोविया चाचरत म्हणाली.

"बदलू? मागे बदलला तर त्यांनी जुन्यावरच फोन केला आणि माझा माणूस दोन दिवस दुसऱ्या वॉर्डात, मला पत्ता नाही! तूच बदल की तुझं तोंड!"

आकड्यांचं सांगितल्यावर बाई आणखी चिडल्या. "बँकेने बजावलंय, असले आकडे कुणाला सांगायचे नाहीत."

"बरोबर बजावलंय त्यांनी."

"मग?"

"मग मी काय सांगू बाई? तुम्ही ठरवा."

"समोर ये," बाई म्हणाल्या. "तोंड बघू दे तुझं. उद्या अकरा वाजता, हॉस्पिटलात."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर नेरीनाबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी झेनोवियाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"फोटोत बरी दिसतेस. भाच्याने दाखवले मला. शरमेने अर्धा झाला होता बिचारा."

दोघी शेजारी बसल्या. झेनोविया बटण दाबायची, बाईंच्या फोनवर मेसेज यायचा, बाई चष्मा वर करून एकेक आकडा वाचायच्या. पहिली जाहिरात गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी फोन खणखणला. नंबर दिसत नव्हता. झेनोवियाने विचारलं, "मी घेऊ?" बाईंनी फोन तिच्या हातात दिला.

"सोनिया?" पुरुषाचा आवाज.

"सोनिया गेली. इथे पुन्हा फोन करू नका, आजारी माणसाचं घर आहे."

"कुठे गेली?"

तिने फोन बंद केला. बाईंनी तो परत घेतला. मग म्हणाल्या, "तुझ्या देशाचा नंबर द्यायला काय झालं होतं तुला?"

तिने द्योयनाचंच सांगितलं, बिल आणि बायको आणि सगळं. शेवटी म्हणाली, "मी इथली वाटायला हवी ना."

"तुला इथली वाटायचं होतं," नेरीनाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि मी इथे जन्मलेली बाई स्वतःच्या घरात फोन वाजला की दचकते."

झेनोवियाने पुन्हा बटण दाबलं. तिसरी जाहिरात निघाली. उरलेल्या दोन पानांवर मजकूर कुणीतरी उचलून चिकटवला होता. तिथे ना बटण, ना पत्ता. तिने ईमेल लिहिले, ते परत आले. तसं तिने बाईंना स्पष्ट सांगितलं.

"म्हणजे येतच राहणार," बाई म्हणाल्या.

"कमी येतील. पण येतील."

बाई उठल्या. वॉर्डात शिरण्याआधी एकदा वळल्या. नर्सने हाक मारली आणि त्या आत गेल्या.

आठवड्याने झेनोवियाने विचारलं तेव्हा दिवसाला दोन-तीन फोन येत होते. लिव्हिओ तसाच होता. "आता करू नकोस," बाई म्हणाल्या, रागाने नव्हे. "तुझाही वाजला की मला वाटतं हॉस्पिटलचाच."

या वेळचं त्रिएस्तेचं कार्ड तिने टाकलं नाही. पण ग्राट्स, लिंत्स, मारिबोर, ब्रनो इथल्या कार्डांचं काय? सहा वर्षांत किती कार्डं टाकली ते तिने मोजलंच नव्हतं. पुढच्या गावी, ल्युब्लियानाला, जाणाऱ्या बसमध्ये ती जुन्या जाहिराती शोधत बसली. ब्रनोची सापडली नाही. मारिबोरचा नंबर बंद होता. लिंत्सचा लागला. एका मुलीचा थकलेला आवाज आला, शाळकरी असावी. "मी ती नाहीये," ती लगेच म्हणाली, पाठ केल्यासारखं.

झेनोवियाला जर्मन मोडकंतोडकं येत होतं. शेजारच्या सीटवरचा माणूस पेपर वाचत होता. तिने आवाज खाली आणला. "माहितीये मला, बाळा. ठेवू नकोस. घरात आई आहे का? तिच्याकडे दे फोन."