दहाव्या थांब्यावरचं शून्य

रात्री जागून घुबडं मोजायची, तीही पदरचं पेट्रोल जाळून! तरी कॅनडात, मॅनिटोबातल्या त्या एकाच कच्च्या रस्त्यावर ओरेस्ट आणि स्टेफका या नवराबायकोनं एकोणीस एप्रिल काढले. दहा थांबे. प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद, दोन मिनिटं तोंडंही बंद. ऐकायचं एकानंच, गाडी चालवणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, हा नियम. स्टेफका घुबडांची बारीक शीळ ऐकून बोटं दाखवायची, ओरेस्ट तेवढा आकडा लिहायचा. काही नसलं तर शून्य.

"लग्नानंतर तू माझं ऐकलंस ते एवढंच," ती म्हणायची.

ती गेल्यावर तो एकटा जाऊ लागला. तीन वर्षं सगळी शून्यं. "मालकीण नाही म्हणून घुबडंही गेली," असं तो चर्चमध्ये हसत सांगायचा. घरी हसायचा नाही.

यंदा घुबडांची गणना करवणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. या वर्षीही घुबड मिळालं नाही, तर हा मार्ग बंद. म्हणजे स्टेफकाचा रस्ताच पुसला जाणार. अंधारात त्याला आता नीट दिसत नव्हतं, म्हणून भाची लेस्या गाडी घेऊन आली. निघताना त्यानं तिला नियम दोनदा बजावला आणि स्टेफकाच्या जागेवर बसला.

नऊ थांबे झाले, नऊ शून्यं झाली. दहावा थांबा दलदलीपाशी होता. दोन मिनिटं संपली. ओरेस्टनं पेन्सिल टेकवली, तसा लेस्यानं त्याचा हात धरला.

"मामा, शून्य काय लिहितोस? दोन आहेत! एक तर डोक्यावर शीळ घालतंय!"

"थट्टा नको, पोरी."

"तुझ्या गळ्याची शपथ."

त्यानं कानटोपी काढली. लेस्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. ती बारीक शीळ मात्र नाही.

"आधीच्या थांब्यांवर?"

"चौथ्यावर एक, सातव्यावर एक. तूच म्हणालास, चालवणाऱ्यानं गप्प बसायचं."

मग कागदावर 'ऐकणारा' या शब्दापुढचं स्वतःचं नाव खोडून त्यानं लेस्याचं लिहिलं. खाली शेऱ्यात लिहिलं, 'मागची तीन वर्षं घुबडं होती. कान नव्हते.'

"उद्या पहिल्यापासून फिरू. मी ऐकते," लेस्या म्हणाली आणि किल्लीकडे हात नेला.

"अजून आहेत?"

"आहेत."

"मग थांब जरा."

कानटोपी मांडीवर घेऊन, काच पूर्ण खाली करून तो बसून राहिला.