खुर्च्यांची रांग

आमच्या भजनी मंडळात हल्ली सतरंजी रिकामी पडते आणि मागची खुर्च्यांची रांग भरते. गुडघे झिजलेल्यांची रांग ती. परवा मीही तिथे जाऊन बसले, जरा तोंड पाडूनच. मांडी सुटली म्हणजे आपलं काहीतरी कायमचं सुटलं, असं वाटत होतं.

भजन सुरू झालं आणि शेजारच्या मालूताईंनी टाळ वाजवता वाजवता उजवा पाय समोर सरळ उचलला. अभंगाची ओळ संपेपर्यंत तसाच धरला. पुढच्या ओळीला डावा. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलेला व्यायाम होता तो. घरी आकडे मोजायचा कंटाळा येतो, म्हणून त्या इथे ओळींवर करतात. बघते तर सगळी रांगच तालात पाय उचलत होती!

मला हसू आलं आणि अवघडल्यासारखंही झालं. जन्मभर आम्हाला पाय जवळ घेऊन बसायला शिकवलेलं, आणि आता लांब करणं हेच औषध. तेही गाभाऱ्यासमोर! मी हळूच म्हटलं, "अहो, देवाकडे पाय होतायत."

टाळ न थांबवता मालूताई म्हणाल्या, "होऊ देत. त्याच्यासमोर उठून-बसूनच झिजलेत ना ते? बघू दे त्यालाही, किती सुधारलेत!"

पुढच्या ओळीला माझा पाय वर गेला. थरथरत होता, पण अगदी ठेक्यात.