इंदूमावशीच्या पडवीतला हुकूमशहा

लोट्याच्या एमआयडीसीत, कंपनीत माझी पहिली पाळी संपत आली होती, तेवढ्यात फोन आला... "इंदूमावशी गेली." एस.टी.नं रत्नागिरीला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. राग मात्र आला. एवढी भांडणारी बाई सकाळचा चहा घेऊन जरा आडवी होते आणि एक शब्द न बोलता निघून जाते?

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, तिनं शाळेच्याच सभागृहात दर रविवारी चार वाजता सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पुण्याच्या एका मैत्रिणीकडून व्हिडिओ कॅसेट यायच्या... युरोपातले जुने, काळे-पांढरे सिनेमे, हुकूमशहांची आणि महायुद्धांची टर उडवणारे. खालची इंग्रजी अक्षरं ती मोठ्यानं मराठीत वाचायची, तीही आपल्या रत्नागिरीच्या हेलात, त्यामुळे परदेशी सेनापती एखाद्या चिडलेल्या खोतासारखा ओरडायचा. एका सिनेमात हुकूमशहा आरशासमोर भाषणाची तालीम करतो आणि त्याचंच कुत्रं घाबरून पलंगाखाली शिरतं. मुलं लोळून हसायची. "पुस्तकात हा माणूस फार उंच दिसतो," मावशी म्हणायची. "लोक भ्यायले म्हणून उंच झाला. हसणाऱ्यांनी त्याला मापात आणला."

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये सीमेवर लढाई सुरू होती आणि मावशीनं नेमका युद्धावरचा विनोदी सिनेमा जाहीर केला होता. त्यात खंदकातल्या सैनिकांना दोन्ही डाव्या पायांचे बूट येतात, आणि तिकडे सेनापती नाश्त्याच्या टेबलावर, नकाशावरून चमचा फिरवत गावं जिंकत असतो. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह घरी आले.

"बाई, देशात काय चाललंय आणि तुम्ही जवानांवर हसवताय?"

"जवानांवर नाही. चमचेवाल्यावर."

"सभागृह मिळणार नाही."

"माझी पडवी आहे ना," मावशी म्हणाली, आणि त्यांच्यादेखतच मला टीव्ही बाहेर आणायला सांगितला.

त्या रविवारी जेमतेम अकरा माणसं आली. सर्वांत शेवटी आले शाळेचे जुने शिपाई, पांडुरंग सावंत. त्यांचा मुलगा सीमेवर होता. पडवी एकदम गप्प झाली. मावशीनं कॅसेट थांबवली. "सावंत, तुम्ही नको म्हणालात तर बंद करते. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही."

सावंत चटईवर टेकले. "लावा, बाई. दीड महिना पोराचं पत्र नाय. मी घरात आलो की सगळी गप होतात... कोण हसत पन नाय." बुटांचा प्रसंग आला तेव्हा पहिले तेच हसले. हसता हसता पंच्यानं डोळे पुसायला लागले, पण उठले नाहीत.

मुलगा दिवाळीनंतर सुखरूप घरी आला. त्यानं मुद्दाम येऊन तो सिनेमा पाहिला. एकदाही हसला नाही. संपल्यावर म्हणाला, "बाई, परत लावा." मावशीनं लावला. संस्थेनं सभागृह पुन्हा दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. रविवार मात्र शेवटपर्यंत चुकला नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या रविवारी आम्ही पडवीत चटया घातल्या. पुढच्या सिनेमाचं भाषांतर तिनं एका वहीत पेन्सिलीनं करून ठेवलं होतं. वाचायला मी बसलो, पण पहिली ओळ नुसतीच पुटपुटलो... मागून सावंत म्हणाले, "मोठ्यानं वाच. बाईंचा आवाज भाट्याच्या पुलापर्यंत जायचा."

पडद्यावरच्या हुकूमशहानं तोंड उघडलं, आणि मी त्याच्याहून मोठ्यानं वाचायला लागलो.